सिनेटच्या सभागृहातून डॅरियनच्या कचेरीत : ट्यूनिस कॅम्पबेल यांचे जीवन

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावर, आल्टामहा नदी जेथे अटलांटिक महासागराला मिळते तेथे, डॅरियन नावाचे एक लहानसे बंदर आहे. मॅकिन्टॉश काउंटीचे हे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे विस्ताराने आपल्या तालुक्याच्या आसपासचा, पण कारभाराने जिल्ह्यासारखा प्रदेश; तिला स्वतःचे न्यायालय, शेरीफ आणि तुरुंग असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात या गावी जस्टिस ऑफ द पीस या पदावर साठी गाठलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ काम पाहत असत. न्यायव्यवस्थेच्या शिडीवरील ही सर्वांत खालची पायरी. किरकोळ देणीघेणी, थकलेली मजुरी, मारामारी, शिवीगाळ अशा तक्रारी ऐकाव्या, वॉरंट काढावे, दंड करावा, मोठा गुन्हा असेल तर आरोपीला वरच्या न्यायालयाकडे पाठवावे, एवढाच त्या पदाचा आवाका. हे गृहस्थ राज्याच्या सिनेटचे सभासदही होते. त्यांचे नाव ट्यूनिस गुलिक कॅम्पबेल.

त्यांची ओळख बहुधा सिनेटर म्हणून करून दिली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण सिनेटरपद मोठे. परंतु त्यांचे चरित्र नीट पाहिले असता प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, त्यांनी खरी सत्ता गाजवली ती राजधानीत नव्हे, तर डॅरियनच्या त्या कचेरीत. त्यांच्या शत्रूंचेही मत हेच असावे. सिनेटमधून त्यांना केवळ बाहेर काढण्यात आले. कचेरीतील कामाबद्दल मात्र त्यांना बेड्या घालण्यात आल्या.

कॅम्पबेल यांचा जन्म १ एप्रिल १८१२ रोजी न्यू जर्सी राज्यातील मिडलब्रुक येथे झाला. आईवडील गुलाम नव्हते, स्वतंत्र होते. दहा भावंडांत ट्यूनिस आठवे. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांना घरापासून दूर, न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या बॅबिलन गावी शाळेत पाठवण्यात आले आणि अठराव्या वर्षापर्यंत ते तेथेच शिकले. त्या शाळेत तेच एकटे कृष्णवर्णीय विद्यार्थी. आपल्या वसतिगृहातील मुलांना घर सोडून येण्याचे दुःख ठाऊक आहे. पण आजूबाजूला आपल्यासारखे एकही मूल नसताना तेरा वर्षे काढणे कसे असेल, याची कल्पना आपण क्षणभर करून पाहावी.

ही शाळा त्यांना फुकट शिकवीत होती असे नाही; तिचा एक हेतू होता. अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी नावाची संस्था तेव्हा स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेतील लायबेरियात नेऊन वसवण्याच्या खटपटीत होती. वरवर ही योजना दयाळूपणाची दिसे, पण तिच्या मुळाशी अमेरिका ही गोऱ्यांचीच भूमी आहे हे गृहीतक होते. कॅम्पबेल यांना लायबेरियात धर्मप्रसारक म्हणून पाठवायचे ठरले होते. त्यांनी नकार दिला. ज्या देशात आपली माणसे गुलामीत राबली, तो देश तेथील शेवटचा गुलाम मुक्त होईपर्यंत सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता, आणि १८३२ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी या स्थलांतर योजनेविरुद्ध एक संघटना उभारली. पुढे ते मेथडिस्ट पंथात गेले, गुलामगिरी आणि दारू यांविरुद्ध प्रवचने देऊ लागले, आणि फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर व्यासपीठावर दिसू लागले.

पोटासाठी मात्र ते हॉटेलात काम करीत. न्यूयॉर्कच्या हॉवर्ड हॉटेलात ते मुख्य वाढपी होते, नंतर बोस्टनच्या अ‍ॅडम्स हाउसमध्ये. या कामाला आपण दुय्यम समजू नये. १८४८ साली त्यांनी हॉटेलचालक, मुख्य वाढपी आणि घरकाम पाहणारे यांच्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. अमेरिकेत या विषयावर लिहिल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. जेवणाची दालने कशी मांडावीत, वाढप्यांनी कवायतीच्या शिस्तीने कसे हालचाल करावे हे त्यात आहेच. पण नोकराला वेळेवर आणि पुरेसे वेतन मिळाले पाहिजे, त्याला शिकण्याची संधी हवी आणि मालकाने त्याच्या श्रमाचा मान राखला पाहिजे, हेही त्यात आहे. पन्नाशीपर्यंतचे त्यांचे आयुष्य या शिस्तीत गेले. पुढे बेटावर राज्यकारभार मांडताना आणि कचेरी चालवताना हीच शिस्त त्यांच्या कामी आली, असे म्हणायला हरकत नाही.

१८६१ साली उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. १८६३ साली युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी कॅम्पबेल यांना दक्षिण कॅरोलायनातील पोर्ट रॉयल येथे पाठवले. तेथील मळेवाले पळून गेले होते आणि मागे राहिलेले हजारो गुलाम एकाएकी स्वतःचे धनी झाले होते. त्यांना अन्न, जमीन आणि अक्षरे मिळवून देण्याचे काम जनरल रूफस सॅक्स्टन यांच्या हाताखाली सुरू होते. १६ जानेवारी १८६५ रोजी जनरल शर्मन यांनी प्रसिद्ध हुकूम काढला आणि चार्ल्सटनपासून दक्षिणेकडे पसरलेली किनारपट्टी व बेटे मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली. प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील ऑसाबॉ, डेलावेअर, कर्नल्स, सेंट कॅथरीन्स आणि सपेलो या पाच बेटांची व्यवस्था सॅक्स्टन यांनी कॅम्पबेल यांच्याकडे सोपवली.

सेंट कॅथरीन्स बेटावर त्यांनी जे केले ते वाचून आजही नवल वाटते. शेकडो मुक्त माणसे तेथे गोळा झाली. कॅम्पबेल यांनी त्यांच्यासाठी जमिनीचे वाटप केले, शाळा उघडल्या, आणि एक लहानसे शासनच उभे केले. त्याला घटना होती, दोन सभागृहांचे विधिमंडळ होते, सर्वोच्च न्यायालय होते आणि रक्षणासाठी पथक होते. जॉर्जियाच्या १८२९ च्या कायद्याने कृष्णवर्णीयाला वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शाळांचा अर्थ कळतो. बेटावर गोऱ्यांना उतरण्यास त्यांनी मनाई केली. यावरून त्यांच्यावर टीका झाली व आजही होते. परंतु ज्या लोकांनी आजवर गोऱ्या माणसासमोर मान वर केली नव्हती, त्यांना आधी आपापसांत बोलण्याची, मतदान करण्याची आणि भांडण मिटवण्याची सवय लागावी, असा त्यांचा विचार होता. कारभार कडक होता हे मात्र खरे. सर्व सूत्रे आपल्याच हाती ठेवण्याचा त्यांचा स्वभाव येथेही दिसतो आणि पुढेही.

हे सारे दीड वर्षही टिकले नाही. लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मळेवाल्यांना माफी देऊन त्यांच्या जमिनी परत केल्या. सॅक्स्टन यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या जनरल डेव्हिस टिलसन यांनी कॅम्पबेल यांना बेटांवरून घालवून दिले. जमिनीचे कागद ज्यांच्या हाती दिले होते, त्यांना पुन्हा करार करून दुसऱ्याच्या शेतावर राबायला सांगण्यात आले.

कॅम्पबेल समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर आले, पण जॉर्जिया सोडून गेले नाहीत. मॅकिन्टॉश काउंटीतील बेल व्हिल नावाचा १,२५० एकरांचा मळा त्यांनी करार करून मिळवला आणि तेथे मुक्त शेतकऱ्यांची एक संस्था स्थापून जमीन वाटून कसायला दिली. बेटावरचे राज्य गेले, तरी बेटावरची माणसे बरीचशी त्यांच्याभोवतीच राहिली. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढच्या राजकारणाचा पाया येथे घातला गेला.

१८६७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने दक्षिणेतील राज्ये लष्करी देखरेखीखाली आणली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देऊन नव्या घटना लिहिण्यास सांगितले. कॅम्पबेल मतदार नोंदणी अधिकारी झाले. गावोगाव, मळ्यामळ्यांवर जाऊन त्यांनी नावे नोंदवली. डिसेंबर १८६७ मध्ये अटलांटा येथे घटना परिषद भरली. तिच्या १६९ प्रतिनिधींपैकी ३७ कृष्णवर्णीय होते आणि कॅम्पबेल त्यांतील एक. या घटनेने सर्व मुलांसाठी मोफत शिक्षणाची तरतूद केली आणि कर्ज न फिटल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद केली. दोन्ही गोष्टी कॅम्पबेल यांच्या आग्रहाच्या होत्या.

मात्र एक वाक्य त्या घटनेत राहून गेले. कृष्णवर्णीयांना मत देण्याचा हक्क स्पष्टपणे लिहिला गेला. अधिकारपद धारण करण्याचा हक्क लिहिला गेला नाही. मत देता येते म्हणजे निवडून येण्याचा हक्क ओघानेच आला, तो वेगळा लिहून गोऱ्या मतदारांना बिथरवण्याचे कारण नाही, अशी समजूत गोऱ्या मित्रांनी घातली आणि कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी ती मानली. घटनेत शब्दाला केवढी किंमत असते, हे आपल्याकडील वाचकाला वेगळे सांगायला नको.

एप्रिल १८६८ च्या निवडणुकीत कॅम्पबेल लिबर्टी, मॅकिन्टॉश आणि टॅटनॉल या तीन काउंट्यांच्या मतदारसंघातून राज्याच्या सिनेटवर निवडून आले. त्यांचे चिरंजीव, त्यांचेही नाव ट्यूनिसच, खालच्या सभागृहात निवडून गेले. आणि त्याच सुमारास डॅरियन येथे कॅम्पबेल यांची जस्टिस ऑफ द पीस म्हणूनही निवड झाली. मोठे पद आणि लहान पद एकाच हाती एकाच वेळी आले.

उन्हाळ्यात जॉर्जियाला संघराज्यात परत घेण्यात आले व लष्करी अंमल उठला. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच, सप्टेंबर १८६८ मध्ये, विधिमंडळातील गोऱ्या बहुमताने त्या न लिहिलेल्या वाक्यावर बोट ठेवले. घटनेत कृष्णवर्णीयांना अधिकारपदाचा हक्क दिलेला नाही, असे सांगून आधी खालच्या सभागृहातील आणि नंतर सिनेटमधील कृष्णवर्णीय सभासदांना काढून टाकण्यात आले. विशेष संतापजनक गोष्ट ही की, खालच्या सभागृहात वर्णाने उजळ असलेल्या चौघांबाबत त्यांच्या रक्तात आफ्रिकी अंश किती याची चौकशी झाली, आणि पुरेसा पुरावा न मिळाल्यामुळे त्यांना बसू देण्यात आले. माणसाची पात्रता त्याच्या जन्मावरून मोजण्याचा हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. ज्यांना काढले त्यांच्या जागी निवडणुकीत हरलेल्या उमेदवारांना बसवण्यात आले. १२ सप्टेंबर रोजी कॅम्पबेल सिनेटमधून बाहेर पडले.

ते वॉशिंग्टनला गेले, तेथील पुढाऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडले. दरम्यान राज्यात हिंसाचार माजला होता; एब्रम कॉल्बी नावाच्या काढून टाकलेल्या आमदाराला कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी १८६९ साली घरातून ओढून नेऊन फटक्यांनी अर्धमेले केले. त्याच वर्षी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना अधिकारपद धारण करता येते असा निर्णय दिला. तो खटला कोणा आमदाराचा नव्हता. सव्हाना शहरातील काउंटी न्यायालयाच्या एका कारकुनाच्या पदाविषयी तो होता. विधिमंडळाने मोडलेला हक्क एका कारकुनाच्या खुर्चीवरून सिद्ध झाला. डिसेंबर १८६९ मध्ये काँग्रेसने नवा कायदा करून जॉर्जियाला पुन्हा लष्कराच्या देखरेखीखाली आणले आणि जानेवारी १८७० मध्ये काढून टाकलेले सभासद आपल्या जागी परतले. कॅम्पबेल यांनी त्यानंतर समान शिक्षण, मिश्र ज्यूरी, मतदानाची प्रामाणिक व्यवस्था आणि सार्वजनिक ठिकाणी मुक्त प्रवेश यांसाठी प्रयत्न केले. थोडे साधले, बरेचसे अडले. त्या वर्षाअखेर झालेल्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने विधिमंडळ जिंकले आणि पुढील वर्षी गव्हर्नर बुलॉक राज्य सोडून निघून गेले. राजधानीतील दार येथून हळूहळू बंद होत गेले. १८७२ च्या निवडणुकीनंतर कॅम्पबेल सिनेटमध्ये परतू शकले नाहीत.

डॅरियनचे दार मात्र उघडे होते.

हे गाव कसे होते ते थोडे सांगितले पाहिजे. युद्धात, जून १८६३ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने ते जाळून टाकले होते. राखेतून उठलेले ते गाव आता इमारती लाकडाच्या व्यापारावर जगत होते. आतल्या प्रदेशातील पाइनचे ओंडके तराफे बांधून आल्टामहाच्या प्रवाहातून खाली येत, गिरण्यांत कापले जात आणि दूरदेशीची जहाजे ते घेऊन जात. नदीच्या मुखाशी भाताचे मळे होते. त्यांतील बटलर बेटाच्या मळ्याची कथा प्रसिद्ध आहे. पियर्स बटलर यांनी मार्च १८५९ मध्ये कर्ज फेडण्यासाठी सव्हानाजवळील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक गुलाम विकले होते. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या गुलाम विक्रींपैकी ती एक. युद्धानंतर विकलेल्यांपैकी काही जण परत आपल्या जुन्या गावी आले. काउंटीत कृष्णवर्णीयांचे बहुमत होते. ज्यांची आईबापे आणि भावंडे लिलावात विकली गेली होती, तेच आता डॅरियनच्या कचेरीत फिर्याद घेऊन येऊ लागले.

गुलामाला फिर्याद करण्याचा अधिकार नव्हता, गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याचाही नव्हता. मुक्त झाल्यावर हा अधिकार कागदावर मिळाला. परंतु ज्याच्यासमोर तक्रार मांडायची तो न्यायाधीश जुन्या मालकाचा सोयरा असेल, तर तो कागद काय कामाचा? मजुराची मजुरी बुडाली, तर त्याने अटलांटाच्या सिनेटकडे जाऊन काय करावे? त्याला हवे होते ते चालत जाता येईल इतक्या अंतरावरचे कोणीतरी, जो त्याचे म्हणणे ऐकेल, करार वाचून दाखवील आणि वॉरंटवर सही करील. कॅम्पबेल तो माणूस झाले. मळेवाल्यांनी पुढे केलेले करार मजूर त्यांच्याकडे आणत. काय लिहिले आहे, काय मागावे, कोठे सही करू नये हे ते सांगत. बंदरात आलेल्या जहाजांवर कृष्णवर्णीय खलाशांना वाईट वागणूक दिल्याबद्दल त्यांनी गोऱ्या कप्तानांनाही अटक करविली. समुद्रावर ज्याचा शब्द हाच कायदा, अशा कप्तानाला किनाऱ्यावर एका कृष्णवर्णीय न्यायाधीशापुढे उभे राहावे लागणे, ही त्या काळी भूकंपासारखी गोष्ट होती. कृष्णवर्णीय नागरिक ज्यूरीत बसू लागले. सुमारे तीनशे जणांचे एक पथकही कॅम्पबेल यांच्या पाठीशी होते, आणि क्लॅनच्या धाकाने जॉर्जियाचे अनेक भाग थरथरत असताना हा किनारा बराचसा निर्भय राहिला.

बटलर यांची कन्या फ्रान्सिस बटलर ली युद्धानंतर मळा चालवायला परत आल्या होत्या. त्यांनी १८८३ साली आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात कॅम्पबेल यांच्याविषयी बराच कडवट मजकूर आहे. मजूर आपले ऐकत नाहीत, त्यांचे ऐकतात, ही बाईंची मुख्य तक्रार. शत्रूने दिलेली याहून चांगली साक्ष कोणती असू शकेल?

याच सुमारास, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. त्या महान कार्याचे फळ त्या वर्षी नेमके कोठे दिसत होते, असे कोणी विचारले असते, तर डॅरियनच्या कचेरीकडे बोट दाखवता आले असते. तोवर राज्याच्या राजधानीत मात्र ते फळ सडू लागले होते.

गोऱ्या मंडळींना हे सहन होणे शक्य नव्हते. कॅम्पबेल यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तांतानुसार त्यांचे घर जाळण्यात आले, त्यांच्यावर विषप्रयोग झाला, कुटुंब सतत भीतीच्या छायेत राहिले. १८७१ साली काँग्रेसची समिती क्लॅनच्या अत्याचारांची चौकशी करण्यास आली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. परंतु गोळी आणि आग यांहून परिणामकारक शस्त्र विरोधकांना सापडले ते कायद्याचे. विधिमंडळ आणि वरची न्यायालये आता त्यांच्या हाती होती. जस्टिस ऑफ द पीस म्हणून कॅम्पबेल यांनी काढलेली वॉरंटे, केलेले दंड, दिलेल्या शिक्षा एकेक करून तपासल्या गेल्या. अमुक अटकेत अधिकाराचा अतिरेक झाला, तमुक गोऱ्या माणसाला बेकायदा डांबून ठेवले, असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. एका खटल्यातून सुटावे तो दुसरा उभा राही.

येथे एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे. कॅम्पबेल कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांच्या कागदपत्रांत पद्धतीच्या चुका झाल्याच नसतील, असे म्हणता येणार नाही. तापट आणि हुकमी स्वभावामुळे ते पुष्कळदा पुढे जात. परंतु दक्षिणेतील शेकडो गोरे जस्टिस ऑफ द पीस असेच बिनशिक्षणाचे होते, आणि त्यांच्या चुकांचा भुर्दंड सहसा कृष्णवर्णीयांनाच पडत होता. त्यांपैकी कोणाला त्यासाठी बेड्या पडल्या नाहीत.

शेवटी शिक्षा झाली. सव्हानाच्या तुरुंगात दीर्घकाळ काढल्यावर जानेवारी १८७६ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, हातापायांत साखळ्या घालून कॅम्पबेल यांना तेथून नेण्यात आले ते कैद्यांच्या छावणीत. जॉर्जियात तेव्हा कैदी भाड्याने देण्याची पद्धत होती. राज्य सरकार आपले कैदी मळेवाले, रेल्वेचे ठेकेदार, खाणवाले यांना ठरावीक रकमेवर राबवायला देई. भाडेकरूला कैदी जगला काय नि मेला काय, फारसे नुकसान नसे. गुलामाच्या मालकाला निदान आपण घातलेल्या पैशाची काळजी असे. येथे तीही नव्हती. या छावण्यांत बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय असत. ही पद्धत जॉर्जियात १९०८ पर्यंत चालू होती. पूर्वी राज्याचा कायदा करण्यासाठी सिनेटमध्ये बसलेला माणूस आता त्याच राज्याने भाड्याने दिलेला कैदी म्हणून एका मळ्यावर राबत होता. जन्माने जो कधी गुलाम नव्हता, त्याला गुलामगिरी संपून अकरा वर्षे झाल्यावर ती भोगावी लागली.

वर्षभराने सुटका झाली. १८७७ साली ते वॉशिंग्टनला गेले आणि आपल्यावर व आपल्या कुटुंबावर जॉर्जियात आलेल्या संकटांची हकीकत एका छोट्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दक्षिणेतील राज्यांवरची केंद्राची लष्करी देखरेख संपली आणि जॉर्जियाने नवी घटना केली. तिच्यात मतदानासाठी भरावयाचा कर साठत जाईल अशी तरतूद झाली, जेणेकरून गरीब कृष्णवर्णीय मतदार आपोआप गळून पडावा. कॅम्पबेल यांचे ऐकून घ्यायला वॉशिंग्टनमध्ये फारसे कोणी उरले नव्हते. ते बोस्टनला स्थायिक झाले. तेथेच ४ डिसेंबर १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बराच काळ त्यांचे नाव घेतले गेले ते बदनाम करण्यासाठीच. दक्षिणेतील विद्यापीठांत शिकवला जाणारा इतिहास सांगे की, हा पुनर्रचनेचा काळ म्हणजे अडाणी लोकांच्या हाती सत्ता गेल्याने माजलेला गोंधळ. या मांडणीला पहिला मोठा हादरा दिला तो डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी, १९३५ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथातून. याच डु बॉइस यांच्याशी १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांचा पत्रव्यवहार झाला होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तरीही जॉर्जिया विद्यापीठातील इ. मर्टन कोल्टर यांच्यासारखे इतिहासकार १९६८ पर्यंत कॅम्पबेल यांना लबाड पुढारी म्हणूनच रंगवीत होते. रसेल डंकन यांनी १९८६ साली जुनी कागदपत्रे धुंडाळून त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा चित्र पालटले.

डॅरियनमध्ये मात्र पुस्तकांची वाट पाहिली गेली नव्हती. कॅम्पबेल यांना नेल्यावरही काउंटीतील कृष्णवर्णीय मतदार संघटित राहिले. राज्यभर दरवाजे बंद झाले, हिंसाचार वाढला, कर साठत गेला. तरी मॅकिन्टॉश काउंटी जॉर्जियाच्या विधिमंडळात कृष्णवर्णीय प्रतिनिधी पाठवीत राहिली. त्यांतील शेवटचे डब्ल्यू. एच. रॉजर्स यांनी १९०७ साली जागा सोडली. त्यांच्यानंतर जॉर्जियाच्या विधिमंडळात दुसरा कृष्णवर्णीय सभासद निवडून यायला १९६२ साल उजाडावे लागले, आणि तो अटलांटाहून आला.